संशोधनप्रमुख नेमताना या चुका टाळा: आधी काम ठरवा, मग माणूस शोधा

पब्लिक हेल्थ स्कूलला संशोधनप्रमुख हवा म्हटलं की समितीच्या पहिल्याच बैठकीत, चहा यायच्या आत, तीन मोठी नावं पुढे येतात. तो माणूस येऊन नेमकं काय करणार, हे तिसऱ्या बैठकीपर्यंत कुणी विचारत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे.

जाहिरातीत ‘जागतिक दर्जाचं संशोधन’ लिहून काही साधत नाही. बडोद्यातल्या स्कूलपुढचे प्रश्न दारातच उभे आहेत: छोटाउदेपूरच्या आदिवासी पट्ट्यातला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांभोवतीचं हवा-पाणी, शहरातला मधुमेह. पहिल्यासाठी त्याच गावांत दहा वर्षं जाऊ शकणारा माणूस लागतो, दुसऱ्यासाठी हवेचे आणि विहिरींचे नमुने कुठे, किती वेळा घ्यायचे हे कळणारा. मधुमेहाला दवाखान्यांच्या नोंदींतून आकडे काढणारा हवा. एकाच जाहिरातीत तिघं मागितले की येतो तो तिन्हींवर उत्तम भाषण करणारा. एक विषय निवडा. मग भांडण होईल, होऊ द्या. माणूस रुजू झाल्यावर होण्यापेक्षा आधी झालेलं बरं.

पेपर मोजणं

ही आमची सगळ्यात नावडती चूक. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्राध्यापकपदाला पीएचडी, दहा वर्षांचा अनुभव, किमान 10 शोधनिबंध आणि 120 चा रिसर्च स्कोअर लागतो. तो उंबरठा आहे. समित्या त्यालाच गुणवत्ता यादी समजतात आणि एक्सेलमध्ये उतरता क्रम लावून मोकळ्या होतात.

त्या स्कोअरचा हिशेब एकदा हाताने करून बघा. विज्ञान-वैद्यक शाखेत एका पेपरला मूळ 8 गुण. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांचा इतरत्र सरासरी किती वेळा उल्लेख होतो तो आकडा) 10 च्या वर असेल तर आणखी 30, म्हणजे 38. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला यातले 70 टक्के आणि बाकी प्रत्येकाला 30 टक्के. आजाराच्या जागतिक ओझ्यावरचे अभ्यास शेकडो लेखकांचे असतात. त्यात चारशेव्या नंबरावर नाव असलेल्याला एका पेपरमागे 11.4 गुण मिळतात. आता दुसरा उमेदवार घ्या. तीन वर्षं गावोगाव सर्वेक्षण करून त्याने पहिला लेखक म्हणून पेपर लिहिला, पण तो इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या, तज्ज्ञांकडून तपासल्या जाणाऱ्या जर्नलमध्ये आला. त्याचे मूळ 8 अधिक अशा जर्नलचे 5, म्हणजे 13, आणि त्याचे 70 टक्के 9.1. यादीत चारशेवा वर, सर्वेक्षणवाला खाली! आणि स्कूलला हवा होता नेमका दुसरा.

यावर आमची सवय साधी आहे. 120 चा उंबरठा ओलांडला की स्कोअरचा कागद फाइलीत मागे टाकायचा. उमेदवाराकडून स्वतःचे तीनच पेपर मागवायचे आणि प्रत्येकाखाली पाच ओळी: प्रश्न कुणाचा, नमुना कुणी ठरवला, क्षेत्रावर कोण गेलं, विश्लेषण कुणाचं, चुकलं काय. शेवटच्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर पुढे जायची घाई करू नका. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे अशा ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत, तिची नोंद पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे का, तेही बघा. 2009 पासून ते बंधनकारक आहे. मागे घेतलेल्या पेपरांसाठी रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस आणि शंकांसाठी पबपीअर, म्हणजे छापून आलेल्या पेपरांवर आक्षेप नोंदवायची वेबसाइट. दोन्ही मिळून अर्धा तास. हा अर्धा तास वाचवणारे लोक नंतर दोन वर्षं खुलासे लिहीत बसतात.

‘ग्रँट ते घेऊन येतीलच’

येतील हो, पण ठेवायची कुठे? एका खासगी विद्यापीठात घडलेला प्रकार. परदेशी अर्थसाहाय्याचा चालू प्रकल्प असलेला माणूस मोठ्या हौसेने निवडला गेला. ‘आपण राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, आपल्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घेण्याच्या कायद्याखालची नोंदणी, लागत नाही,’ असं हिशेब विभागाने ठामपणे सांगितलं. ती सूट सरकारच्या पूर्ण मालकीच्या आणि कॅगकडून सक्तीने लेखापरीक्षण होणाऱ्या संस्थांना असते. नुसत्या कायद्याने स्थापन होऊन भागत नाही. नोंदणी नाही म्हणून पैसा घेता येईना. मग शक्कल निघाली: ओळखीच्या नोंदणीकृत ट्रस्टकडे पैसा मागवू आणि इकडे वळवू. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनंतर असं हस्तांतर बंद आहे. दाराशी आलेली रक्कम परत गेली. शिवाय परदेशी सहकार्याच्या संशोधनाला आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची मंजुरी लागते, त्या अर्जाला तर हातच लागला नव्हता. क्षेत्रावरची सहा माणसं पगाराची वाट बघून पांगली. प्रमुख चौदा महिन्यांनी गेले आणि संस्थेने निष्कर्ष काढला की बाहेरची माणसं टिकत नाहीत.

म्हणून जाहिरात देण्याआधी हिशेब विभागाकडून एका पानावर लेखी उत्तरं घ्या. एफसीआरए आहे का, असल्यास पाच वर्षांची मुदत कधी संपते, दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरावीक खातं चालू आहे का. एथिक्स कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का, अध्यक्ष संस्थेबाहेरचे आहेत का, वर्षात किती वेळा बसते. मागच्या सरकारी ग्रँटचं उपयोगिता प्रमाणपत्र, जीएफआर 12-अ, किती उशिरा गेलं; ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. उत्तर तोंडी मिळालं तर ते ‘नाही’ समजा.

पगारावर अडणं, वेळेवर गप्प बसणं

प्राध्यापकाचं मूळ वेतन लेव्हल 14 मध्ये 1,44,200 पासून सुरू होतं. तिथे घासाघीस करायला जागाच नाही, तरी सगळी बोलणी तिथेच होतात. खरी देवाणघेवाण वेळेची असते. नियमाने प्राध्यापकाला आठवड्याला 14 तास थेट अध्यापन. त्यावर संचालकपद, नॅकच्या मूल्यांकनाची फाइल, प्रवेश समिती. संशोधन मग रविवारी, तेही घरच्यांनी सोडलं तर. तास किती कमी होणार, ते कोण घेणार, प्रकल्पाच्या खर्चावर किती रकमेपर्यंत त्यांची एकट्याची सही चालणार, संख्याशास्त्रज्ञ आणि डेटा मॅनेजर कोणत्या महिन्यापासून, हे सगळं नेमणूकपत्रासोबतच्या कागदावर हवं. ‘या तर खरं, बघू’ हा करार नव्हे.

बडोद्याला हे कुणी शिकवायची खरं तर गरज नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणलं, ते राज्यभरच्या ग्रंथालयांचं खातं त्याच्या हाती देऊन. त्याने इथली माणसं शिकवून तयार केली. 1913 मध्ये तो परतला, तेव्हा ते काम इथल्याच कुडाळकरांनी पुढे नेलं.

बाकीच्या, थोडक्यात

निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवे पीएचडी विद्यार्थी घेता येत नाहीत. पंचविशीतल्या विद्यार्थ्यांचा गट उभारायचा असेल तर उमेदवाराची जन्मतारीख आधी बघा.

‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ (प्रत्यक्ष व्यवसायातल्या अनुभवी माणसासाठीचं मुदतीचं पद) हा आडमार्ग नको. फार तर चार वर्षं मिळतात, आणि ते पद आजी-माजी प्राध्यापकांसाठी नाहीच.

निवड समितीचे तिन्ही बाहेरचे तज्ज्ञ डॉक्टर नकोत. एक साथरोगशास्त्राचा, एक संख्याशास्त्राचा, एक आरोग्यधोरण किंवा समाजशास्त्राचा.

मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात पद दाखवायचं असेल तर एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) पात्रता वेगळी आहे. वैद्यकीय पदवी नसलेला उत्तम साथरोगतज्ज्ञ निवडून मग हे शोधू नका.

शिफारसपत्रं वाचा, पण फोन यादीबाहेरच्यांना करा: जुना पीएचडी विद्यार्थी, प्रकल्प समन्वयक, आणि जमल्यास क्षेत्रावरची एक कार्यकर्ती. तिला एवढंच विचारा, ‘ताई, पगार वेळेवर व्हायचा का? साहेब गावात किती वेळा यायचे?’

सरकारी संस्थेतल्या उमेदवाराचं ना-हरकत पत्र मुलाखतीआधीच मागा. त्यावर तीन महिन्यांची नोटीस, जोडीदाराची नोकरी, मुलांची जूनची शाळा. जूनमध्ये माणूस हवा असेल तर आदल्या ऑगस्टमध्ये सुरुवात करा. जानेवारीत जागे होणाऱ्यांना उरलेलेच मिळतात.

आणि रुजू होण्याच्या दिवशी हारतुऱ्यांआधी बँकेचा नमुना सहीचा फॉर्म, खोलीची किल्ली आणि छोटाउदेपूरला जायच्या गाडीची मंजुरी टेबलावर ठेवा.