ओपन इलेक्टिव्ह निवडताना: मन, पैसा आणि हातातले कौशल्य

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात पदवीची जी नवी चौकट लागू झाली, तीत मुख्य विषयाच्या जोडीला मानवी वर्तन, वैयक्तिक अर्थनियोजन आणि व्यावहारिक कौशल्ये यांसारखे विषयही शिकता येतात. प्रवेशाच्या घाईत हे रकाने सर्वांत शेवटी आणि बहुधा मित्राने जे घेतले तेच पाहून भरले जातात. तसे न करता अर्धा तास काढून पुढील गोष्टी तपासाव्यात.

सर्वप्रथम कोणता विषय कोणत्या गटात मोडतो ते पाहावे. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुला ऐच्छिक विषय, हा आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा लागतो. त्यामुळे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने येथे अर्थनियोजन शोधण्यात अर्थ नाही; त्याने मानसशास्त्राकडे वळावे, आणि मानसशास्त्र मुख्य विषय असलेल्याने पैशांच्या व्यवहाराकडे. व्यावसायिक कौशल्याचा अभ्यासक्रम मात्र मुख्य किंवा गौण (मायनर) विषयाशी जोडलेला असतो, तर कौशल्यवृद्धीचा अभ्यासक्रम विद्यापीठाने मान्य केलेल्या यादीतून निवडायचा असतो.

त्यानंतर विषयाच्या आकर्षक नावाला न भुलता त्याचा अभ्यासक्रम उघडून वाचावा. तात्त्विक (थिअरी) विषयात एका श्रेयांकासाठी (क्रेडिटसाठी) किमान १५ तास अध्यापन आणि प्रात्यक्षिकात ३० तास काम अपेक्षित असते. म्हणजे दोन श्रेयांकांचा विषय ३० तासांचा की ६० तासांचा, हे तो कसा शिकवला जातो यावर ठरते. आठवड्याच्या वेळापत्रकात प्रवासाचे तास धरून हा हिशेब जमतो का, ते आधीच पाहावे.

वर्तनाच्या विषयात केवळ व्याख्यांची यादी असेल तर तो सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्णय कसे घेतले जातात, सवयी कशा लागतात, गटात माणूस वेगळा का वागतो, अशी प्रकरणे असलेला अभ्यासक्रम निवडावा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाला नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख अधिक बोचते. घसरणारा शेअर विकायला हात का धजत नाही, याचे एक उत्तर त्यात आहे. हे समजलेला विद्यार्थी अर्थनियोजनाच्या वर्गात निराळ्या डोळ्यांनी बसतो, म्हणूनच दोन्हींना वाव असेल तर वर्तनाचा विषय आधीच्या सत्रात घ्यावा.

अर्थनियोजनाच्या अभ्यासक्रमात चक्रवाढ व्याज, महागाई, विमा, प्राप्तिकर आणि कर्ज ही पाचही प्रकरणे आहेत का, हे तपासावे. नुसता शेअर बाजार शिकवणारा विषय अपुरा होय. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा ३ टक्के व्याज म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे ४२.६ टक्के, हे ज्याला स्वतः मांडून काढता येईल, त्याचे श्रेयांक सत्कारणी लागले. ७२ ला व्याजदराने भागल्यास रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे अंदाजाने मिळतात. ८ टक्क्यांना सुमारे ९ वर्षे. असे गणित परीक्षेत करावे लागते की केवळ टिपा लिहायच्या असतात, ते जुन्या प्रश्नपत्रिकांवरून कळते.

कौशल्याच्या विषयात एकच प्रश्न विचारावा: सत्र संपताना माझ्या हातून कोणती वस्तू, नोंदवही किंवा काम तयार झालेले असेल? उत्तर मिळाले नाही, तर दुसरा विषय पाहावा.

महाविद्यालयात हवा तो विषय नसेल, तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय मंचावरील अभ्यासक्रमांचा विचार करता येतो. मात्र नोंदणीपूर्वी तो आपल्या महाविद्यालयात ग्राह्य धरला जाईल का, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे, कारण प्रमाणपत्र हाती आल्यावर श्रेयांकांसाठी खेटे घालणे फार त्रासाचे असते. श्रेयांक जमा होतात ते अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन व्यवस्थेतील विद्यार्थ्याच्या खात्यात. तेथील आणि गुणपत्रिकेतील नाव अक्षरशः सारखे आहे, याची खात्री पहिल्याच सत्रात करून घ्यावी.