पीएसएसाठी रक्त द्यायला येताना

अशोक चौकाजवळच्या लॅबमध्ये मी 22 वर्षं रक्त काढतोय. यंत्रमागावरचे अण्णा-मामा पीएसएसाठी, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीसाठी, येतात ते उपाशीपोटी, चेहरा उतरलेला. उपाशी राहायची गरज नाही, भाकरी-शेंगाचटणी खाऊन या. पण आधीचे दोन दिवस सायकल बंद आणि शरीरसंबंधही नको. हे सांगायला लाजतात म्हणून मीच आधी विचारतो.

लघवीला जळजळ, ताप असेल तर थांबा. माझ्या सख्ख्या मामांचं रक्त कुणीतरी तशातच काढलं. आकडा आला 11, साधारण हद्द 4 ची. घरात दोन दिवस चूल पेटली नाही. औषधं झाली, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तर 3.1. तो मनस्ताप मला अजून सलतो.

प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर गोळ्यांचं पाकीटच आणून दाखवा. सहाएक महिने घेतल्यावर आकडा जवळपास निम्मा दिसतो, म्हणजे 3 वाचून निर्धास्त होऊ नका.

आकडा 4 च्या वर गेला म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सरच, असं नाही. वयाने वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीनेही तो चढतो. आणि 4 च्या आत आहे म्हणून कॅन्सर नाहीच, असंही नाही. 4 ते 10 मध्ये असेल तर डॉक्टरांना फ्री पीएसएबद्दल (रक्तात प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा पीएसए) विचारा: एकूण पीएसएमधला त्याचा वाटा 25 टक्क्यांवर असला तर धोका कमी, 10 टक्क्यांच्या खाली गेला तर जास्त. पुढे एमआरआय, बायोप्सी हे युरॉलॉजिस्ट ठरवतील. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोला.

जुने रिपोर्ट फेकू नका. तारखेप्रमाणे लावून आणा, शक्यतो एकाच लॅबचे.