घरगुती भट्टीची दारू पाणी घालताच दुधाळ होत असेल तर

मी न्यूझीलंडमध्ये राहतो. इथे स्वतःपुरती दारू घरी गाळायला १९९६ पासून कायद्याची मुभा आहे. भारतात परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, तिथे करू नका.

लक्षण: साखरेच्या आंबवणाची दारू बाटलीत काचेसारखी स्वच्छ, पण पाणी घातलं की दुधाळ आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. कोळशातून दोनदा गाळली, यीस्ट बदललं, भांडं व्हिनेगरने धुतलं. वास गेला नाही. तीन महिने अक्षरशः जीव मेटाकुटीला आला.

दोष गाळताना शेवटी शेवटी येणाऱ्या धारेचा होता. मी सगळं एकाच बरणीत धरत होतो.

आता आंबवण थांबल्यावर तीन दिवस थंड जागी ठेवतो, यीस्टचा गाळ तळाशी सोडून वरचं नितळ तेवढंच घेतो. पहिल्या खेपेत सगळं भराभर गाळून घेतो. ते पाणी घालून ३० टक्के अल्कोहोलवर आणतो आणि दुसरी खेप अगदी मंद आचेवर, बारीक धारेने. सुरुवातीचे १०० मिली फेकून देतो. पुढचं २००-२०० मिलीच्या बरण्यांत, क्रमांक टाकून. बरण्यांवर कापड बांधून रात्रभर ठेवायच्या. सकाळी प्रत्येकीतला एक चमचा तितक्याच पाण्यात घालून हुंगायचा. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला, ती बरणी बाद. पुठ्ठ्याचा वास किंवा ढगाळपणा दिसला, तीही बाद. मधल्या तेवढ्याच एकत्र करायच्या.

माल निम्मा उरतो, पण पाण्यात नितळ राहतो. वाफ पेट घेते, म्हणून इलेक्ट्रिक शेगडीच वापरा आणि खिडकी उघडी ठेवा.