जुनी ५५ एमएम मायक्रो-निक्कॉर घेताना

मॅक्रोसाठी, म्हणजे किडा-फुलासारख्या छोट्या गोष्टींच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोंसाठी, नवी महागडी लेन्स घेण्याआधी निकॉनची जुनी मॅन्युअल मायक्रो-निक्कॉर ५५ एमएम एफ/३.५ बघा. एकटी वापरली तर १:२ पर्यंत जाते, म्हणजे वस्तू सेन्सरवर निम्म्या मापाची येते. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये २७.५ एमएमची एक्स्टेन्शन रिंग (पोकळ नळी) लावली की १:१, म्हणजे मुंगी सेन्सरवर खऱ्या मापाची उमटते. मात्र तिथे दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो.

विकत घेताना ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं पात्यांचं छिद्र) एफ/१६ वर ठेवून मागची लिव्हर दाबून सोडा. पाती झटकन मिटायला हवीत. आळसावली तर लेन्समधलं तेल पात्यांवर उतरलंय. हा त्रास याच ५५ एमएमच्या एफ/२.८ वाल्या लेन्समध्ये जास्त आढळतो. मग मागून टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधा. कोकणातल्या दमट हवेत राहिलेली लेन्स असेल तर हे टाळूच नका.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर ही लेन्स बसवायला साधा, काच नसलेला ॲडॅप्टर पुरतो. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा. निकॉनच्या डीएसएलआरवर (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) मात्र एआय (कॅमेऱ्याच्या मीटरला ॲपर्चर कळवणारी निकॉनची जोडणी) नसलेली जुनी लेन्स जबरदस्तीने बसवू नका, बऱ्याच बॉडींची मीटरिंगची (प्रकाश मोजण्याची) कडी मोडते.

फोकस पूर्ण उघड्या ॲपर्चरवर, फोकस रिंग न फिरवता कॅमेरा मागेपुढे सरकवून जुळवा. फोटो एफ/८ ते एफ/११ वर घ्या. त्यापुढे डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) बारकावे मऊ पडतात.