विमान संग्रहालय पाहायला निघताना या चुका टाळा

धुळ्याहून नाशिककडे जाताना ओझर आले की गाडीतली मुले ‘इथेच विमाने पाहू’ असा हट्ट धरतात आणि काही पालक खरोखरच फाटकापर्यंत जातात. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ज्या कारखान्यात मिग-21 आणि पुढे सुखोई-30 एमकेआय तयार झाली, तो संरक्षण उत्पादनाचा चालू कारखाना असल्यामुळे तेथे वाट वाकडी करून सहज डोकावता येत नाही. धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. तीही प्रेक्षणीय स्थळ समजून आत शिरण्याची जागा नाही.

जुनी विमाने पाहायची तर खान्देशकरांना लांबचा प्रवास करावाच लागतो आणि म्हणूनच वाराची चूक महागात पडते. जळगाव-भुसावळवरून जाणारी गोवा एक्सप्रेस एका टोकाला दिल्ली आणि दुसऱ्या टोकाला वास्को गाठते, म्हणजे दिल्लीतील पालमचे वायुदल संग्रहालय आणि गोव्यातील बोगमाळोजवळचे नौदल विमान संग्रहालय ही दोन्ही एकाच गाडीच्या वाटेवर येतात. मात्र गोव्याचे संग्रहालय सोमवारी बंद असते आणि पालमला सोमवारबरोबर मंगळवारही सुट्टी असते. रविवारी निघून सोमवारी पोहोचण्याचा बेत त्यामुळे हमखास फसतो. तिकीट काढण्याआधी वेळा पुन्हा तपासाव्यात, कारण सरकारी सुट्ट्यांना त्यांत बदल होऊ शकतो.

खरे नुकसान होते ते विमानासमोर उभे राहिल्यावर. फलकावरचे नाव वाचायचे, छायाचित्र काढायचे आणि पुढच्या विमानाकडे वळायचे, असे केले तर सगळीच जेट विमाने सारखी दिसतात. त्याऐवजी वाकून पंखाखाली पाहावे. मिग-21 एफएलच्या प्रत्येक पंखाखाली शस्त्रे टांगण्याची एकच जागा असते, तर नंतरच्या एम आणि बिस या प्रकारांत दोन असतात. बिसची पाठही अधिक फुगीर आहे. नॅट हे छोटे लढाऊ विमान आणि त्याचीच सुधारित आवृत्ती अजित, या जोडीत तर जाणकारही गोंधळतात. नॅटच्या पोटात इंधन कमी मावत असल्यामुळे पंखांखाली जादा टाक्या लावाव्या लागत; अजितमध्ये इंधन पंखांतच भरण्याची सोय केल्याने त्या जागा शस्त्रांसाठी मोकळ्या झाल्या. मात्र शेपटीवर रंगवलेला क्रमांक हा पुरावा मानू नये, कारण डागडुजी करताना तो बदललेला असू शकतो.

पालमला गर्दी आधुनिक लढाऊ विमानांभोवती जमते आणि वापिटी या जुन्या विमानाकडे पाठ फिरते, हे मला अनाकलनीय वाटते. 1933 मध्ये भारतीय वायुदलाची पहिली तुकडी याच जातीच्या विमानांवर उभी राहिली. गोव्यात सुपर कॉन्स्टेलेशन चुकवू नये. एअर इंडियाचे प्रवासी नेणारे हे विमान पुढे वायुदलाकडे आणि मग नौदलाच्या सागरी टेहळणीसाठी गेले.

लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच निघणाऱ्यांनी थेट दिल्ली गाठण्यापेक्षा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेले मारुत हे लढाऊ जेट विमान पाहावे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली भारतात आकाराला आलेल्या या विमानाने 17 जून 1961 रोजी पहिले उड्डाण केले.

कॅमेऱ्याबाबत एवढेच सांगतो, की पालम आणि गोव्याच्या संग्रहालयाजवळचे दाबोळी हे दोन्ही वापरातले लष्करी तळ आहेत, तेव्हा कुंपणापलीकडे भिंग वळवण्याआधी पहारेकऱ्याला विचारावे आणि ड्रोन घरीच ठेवावा.