पावसाळ्यानंतर नकाशाचं ॲप उघडताना

मुंबई-मांडव्याच्या पाण्यात हौशी बोटींचा हंगाम पावसाळा सरला की सुरू होतो. बोटीचा तळ घासून रंगवून होतो, शिडांना ऊन दाखवून होतं, इंजिनचं तेल बदलून होतं. फोनमधलं नकाशाचं ॲप मात्र बरेच जण थेट जेट्टीवर, दोर सोडताना उघडतात. जूनपासून ते तसंच पडून असतं. तेवढ्यात अपडेट येऊन मेनू इकडचे तिकडे झालेले असतात, वर्गणी संपलेली असते, एखादी सेटिंग गुपचूप मूळपदावर गेलेली असते. आयकॉन जुना, आतलं यंत्र नवं. पहिल्या फेरीच्या दोन-तीन दिवस आधी घरी वाय-फायवर बसून एक संध्याकाळ त्याला द्यावीच लागते.

हे बदल उगाच होत नाहीत. नॅव्हिऑनिक्स हे समुद्राच्या नकाशांचं ॲप २०१७ मध्ये गार्मिन कंपनीने घेतलं. सी-मॅप हे तसंच दुसरं ॲप ज्या नॅव्हिकोकडे होतं ती कंपनी २०२१ मध्ये ब्रन्सविककडे गेली. अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेने पारंपरिक कागदी नकाशे आणि त्यांची स्कॅन रूपं बंद करण्याचं २०१९ मध्ये जाहीर केलं आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ते काम पुरं केलं. त्यामुळे एकदाच पैसे भरून घेतलेला, कागदासारखा दिसणारा नकाशा मागे पडतोय आणि वार्षिक वर्गणीचा व्हेक्टर नकाशा, म्हणजे प्रत्येक गोष्ट सुटी नोंदवून झूमप्रमाणे काढला जाणारा, त्याच्या जागी येतोय. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना ते आधी जाणवलं, पण ॲप सगळीकडे तीच असल्याने आपणही त्यातच आहोत.

अपडेटच्या आधी

आपोआप अपडेट होणं हंगामात बंदच ठेवा. अपडेट दाबण्याआधी दोन कामं करायची. पहिलं, साठवलेले वेपॉइंट (नकाशावर खूण केलेल्या जागा), मार्ग आणि ट्रॅक (बोट प्रत्यक्ष गेली त्या रेषा) जीपीएक्स या, दुसऱ्या ॲपनाही वाचता येणाऱ्या फाइलमध्ये काढून ती स्वतःला मेल करा. ॲपच्या क्लाउडवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. खातं एका कंपनीकडून दुसरीकडे जातं तेव्हा हीच माहिती अडकते. दुसरं, सेटिंगच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या. दहा-बारा चित्रं होतील, पण अपडेटनंतर नेमकं काय बदललं हे तेवढ्यावरूनच कळतं.

नव्या ॲपमध्ये जीपीएक्स भरल्यावर निदान तीन वेपॉइंट जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. फाइल सहसा बिघडत नाही, घोळ होतो तो हाताने टाकलेल्या आकड्यांत. समजा वहीत १८° ४८.३०' असं लिहिलंय आणि नवं ॲप अंश-मिनिटं-सेकंद मागतंय. तुम्ही ४८ मिनिटं ३० सेकंद टाकलंत, तर ते ४८.५०' होतं. फरक ०.२ मिनिटांचा, म्हणजे ०.२ सागरी मैल, सुमारे ३७० मीटर. खडकाच्या या बाजूचा वेपॉइंट त्या बाजूला जायला एवढं पुष्कळ झालं. ॲप अंश आणि दशांश मिनिटांवर ठेवा. कागदी नकाशाच्या कडेवरून वाचायला तेच सोपं.

फोननेच दगा दिला तर

अँड्रॉइड ११ पासून काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या फोन स्वतःहून काढून घेतो. पावसाळाभर बंद असलेलं ॲप यात हमखास सापडतं. लक्षण असं: नकाशा दिसतो, बोट दिसत नाही. आयफोनवर आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर १२ पासून ‘अचूक स्थान’ ही वेगळी कळ आहे. ती बंद असेल तर बोटीचा ठिपका अंदाजे कुठेतरी, कधी किनाऱ्यावरच्या इमारतींत बसतो आणि माणूस जीपीएसला दोष देत बसतो.

ट्रॅक मध्येच तुटत असेल तर अँड्रॉइडची बॅटरी वाचवणारी सोय तपासा. स्क्रीन विझली की ती ॲपला झोपवते. या एका ॲपपुरती ती काढून टाका. आयपॅडवाल्यांसाठी जुनंच पण दरवर्षी कुणाला तरी नव्याने कळणारं: फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. सिमची सोय असलेलं मॉडेल लागतं किंवा ब्लूटूथने जोडायचा वेगळा जीपीएस रिसीव्हर.

नकाशा खरंच फोनमध्ये आहे का

किनाऱ्याजवळ नेटवर्क असतं, म्हणून नकाशा फोनमध्ये उतरवलेला नाही हे लक्षातच येत नाही. जरा बाहेर गेलं की चौकोन राखाडी पडायला लागतात. चाचणी सोपी आहे. लागणारा सगळा पट्टा उतरवून घ्या, ॲप पूर्ण बंद करा, फोन विमान मोडवर टाका आणि ॲप पुन्हा उघडा. मुंबई बंदर, खांदेरी, रेवदंड्याची खाडी, जिथे जायचं ती प्रत्येक जागा बोटाने मोठी करून पाहा. सगळीकडे खोलीचे आकडे दिसले तर नकाशा आत आहे. जीपीएस विमान मोडमध्येही चालतो, फक्त नेटवर्कची मदत नसल्यामुळे पहिली जागा धरायला वेळ घेतो. ॲप जेट्टीवरच सुरू करून ठेवायचं ते त्यासाठी.

वर्गणीची तारीखही इथेच पाहून ठेवा. ती संपल्यावर काही ॲप जुना नकाशा तसाच ठेवतात आणि फक्त सुधारणा थांबवतात, काही नकाशाच मिटवतात. आपलं कोणत्या जातीचं आहे ते आधी ठाऊक हवं आणि नूतनीकरणाची तारीख हंगामाच्या मध्यावर येऊ देऊ नये.

नकाशा किती ताजा आहे हे ओळखायला मुंबईकरांना एक आयती खूण मिळाली आहे. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला, २१.८ किलोमीटरपैकी सुमारे १६.५ किलोमीटर पाण्यावरून जातो. शिवडीकडून न्हावा-शेव्याकडे नकाशा मोठा करत जा. पूल, त्याचे खांब आणि कमानींखालची उंची दिसते का? पूल नुसता ‘बांधकाम चालू’ म्हणून दिसत असेल किंवा दिसतच नसेल, तर तारीख काहीही लिहिलेली असो, हा नकाशा जुना आहे. शिडाच्या बोटीला डोलकाठीची उंची सेटिंगमध्ये भरायची आठवणही याच वेळी होते.

भरती साडेपाच तास चुकली तर

आता सेटिंग. खोली मीटरमध्ये, अंतर सागरी मैलात, वेग नॉटमध्ये (तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट), आणि वेळ भारतीय. यातली वेळ लोक सर्वात हलक्यात घेतात. अपडेटनंतर एखादं ॲप जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर गेलं, तर भरती-ओहोटीच्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात. मुंबईत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. म्हणजे साडेपाच तासांच्या चुकीने जवळजवळ उलटंच चित्र समोर येतं: ॲप म्हणतं पाणी भरलंय, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा उघडा पडलेला. सर्वे ऑफ इंडियाच्या भरती-कोष्टकातल्या अपोलो बंदरच्या वेळा त्या दिवशीच्या ॲपमधल्या वेळांशी ताडा. दहा-पंधरा मिनिटांचा फरक चालेल, तासांचा नाही. कोष्टक नसेल तर तिथीवरून तरी ढोबळ अंदाज येतो: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. ॲप याच्या उलट बोलत असेल तर ॲप चुकलंय.

दुसरा घोळ पाण्याच्या खोलीचा. नकाशावरचा आकडा खोल ओहोटीच्या पातळीपासून मोजलेला असतो. ०.६ मीटर लिहिलंय आणि आत्ता भरतीची उंची २.१ मीटर आहे, तर पाणी २.७ मीटर. काही ॲपमध्ये ही बेरीज आपोआप करून दाखवायची सोय आली आहे. ती चालू आहे हे न कळता तुम्ही २.१ पुन्हा मिळवलेत, तर ४.८ मीटर पाणी आहे असं समजून बोट पुढे घालाल. ओळखायची रीत: पडद्यावर एका उथळ जागेवर हाताचं बोट टेकवून आकडा लिहून घ्या, तीन तासांनी तीच जागा पुन्हा पाहा. आकडा बदलला तर बेरीज आत झालेली आहे. आम्हाला ही सोय बंद ठेवलेली बरी वाटते. बेरीज स्वतः केली की डोकं जागं राहतं.

आकडे वाचतानाही जपून. मोठ्या २ च्या पायाशी बारीक ४ असेल तर ते २.४ मीटर, २४ नव्हे. आणि आकड्याखाली रेघ असेल तर तिथे तेवढी जमीन ओहोटीला उघडी पडते.

झूमच्या आड लपलेला खडक

स्कॅन नकाशा लहान केला तरी त्यावर छापलेलं सगळं तिथेच राहायचं, फक्त बारीक व्हायचं. व्हेक्टर नकाशात प्रत्येक गोष्टीला ‘अमुक मापापेक्षा लहान नकाशात दाखवू नको’ अशी सूचना जोडलेली असते. नकाशा लहान केला की खडक पुसट होत नाही, नाहीसा होतो. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली टीम वेस्टास विंड ही बोट मॉरिशसच्या उत्तरेला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळावर रात्री चढली, ती यामुळेच. केपटाउनहून अबूधाबीकडे जाताना लहान मापाच्या नकाशावर तिथे भरपूर खोल पाणी असल्यासारखं दिसत होतं. मोठं करून पाहिलं असतं तर आख्खा प्रवाळ समोर आला असता. नऊही जण वाचले. ते जगातले निवडक खलाशी होते, हे विसरू नये.

म्हणून मार्ग आखून झाल्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताचं बोट त्या रेषेवरून फिरवत न्यायचं, मोठ्या झूमवर. मांडव्यापर्यंत पाच मिनिटं लागतात, मुरुड-जंजिऱ्यापर्यंत पंधरा. नकाशाच्या तपशिलाची पट्टी असेल तर ती ‘सर्व’ वर ठेवा. अपडेटनंतर ती बहुधा ‘मूलभूत’ वर गेलेली सापडते.

सुरक्षित खोलीचा आकडा भरतानाही एक मेख आहे. बोट १.५ मीटर पाण्यात बसते, वर अर्धा मीटर राखून तुम्ही २ भरता, ठीक. पण ३ भरलेत आणि नकाशात फक्त २ आणि ५ मीटरच्याच रेषा असतील, तर बऱ्याच प्रणाली पुढची खोल रेषा, म्हणजे ५ मीटरची, धरतात. मग अर्धं बंदर निळं, म्हणजे उथळ म्हणून रंगवलेलं दिसतं, गजर अखंड वाजत राहतो आणि वैतागून लोक गजरच बंद करतात. आकडा थोडा बदलून पाहा, रंग कुठे पालटतो ते कळेल.

शक्य असेल तिथे मोजणीच्या दर्जाची माहितीही उघडा. दर्जा बी असेल तर जागेत ५० मीटरपर्यंत चूक धरलेली असते, सी असेल तर ५०० मीटरपर्यंत. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यात सरकतात, तिथे दर्जापेक्षाही मोजणीचं वर्ष महत्त्वाचं. इतर वापरकर्त्यांच्या बोटींनी गोळा केलेली खोली दाखवणारा थर अशा जागी बंद ठेवा. कुणी, कोणत्या भरतीला मोजलंय ते समजत नाही. खाडीत शिरायचं तर तिथल्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या म्होरक्याला विचारा, तो आजचं पाणी सांगेल.

आपोआप मार्ग आणि एआयएस

जेट्टी ते जेट्टी मार्ग काढून देणारी सोय आता बहुतेक ॲपमध्ये आहे. ती बोटीचा ड्राफ्ट (बोट पाण्यात किती खोल बसते) आणि नकाशा यांवर चालते. डोल जाळ्यांचे खुंट आणि त्यांचे तरंगते डबे तिला ठाऊक नसतात, नांगरलेल्या बार्जही नाहीत. आलेला मार्ग कच्चा खर्डा समजा. जाळ्यांच्या पट्ट्याला वळसा घालणारे दोन-तीन बिंदू स्वतः ओढून घ्या आणि मग जतन करा.

एआयएस म्हणजे जहाजं आपली जागा रेडिओवरून आपोआप सांगत राहतात ती सोय. ॲप इंटरनेटवरून जी जहाजं दाखवतं त्यांची जागा काही मिनिटं जुनी असू शकते. न्हावा-शेव्याच्या वाटेवरचं कंटेनर जहाज १५ नॉटने चाललं असेल तर चार मिनिटांत एक सागरी मैल पुढे गेलेलं असतं. वाट ओलांडायला बोटीवर खरा एआयएस रिसीव्हरच हवा. बोटीवरचा एआयएस वाय-फायने जोडलेला असेल आणि अपडेटनंतर आयफोनवर जहाजं दिसेनाशी झाली, तर तारा तपासण्याआधी ‘लोकल नेटवर्क’ ची परवानगी पाहा. ती असेल तर आयपी पत्ता आणि पोर्ट. पोर्ट बहुधा १०११० असतो.

परदेशी मार्गदर्शिका वाचून कुणी उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण घेऊ नये. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते भारतात बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडवतात.

पाण्यातली चाचणी

दोर सोडण्याआधी बोटीचा ठिपका जेट्टीच्या त्याच बाजूला, त्याच टोकाला दिसतो का ते बघा. मग मोकळ्या पाण्यात येऊन हातातल्या होकायंत्राने प्राँग्ज दीपगृहाची दिशा घ्या आणि ॲपमधल्या दिशेशी ताडा. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांत फरक एक अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे ॲप कोणत्या उत्तरावर आहे हे इथे चुकलं तरी खपून जातं. बॉस्टनच्या पाण्यात हीच चूक सुमारे १४ अंशांची होते. शेवटी ओळखीच्या उथळ जागेवर डेप्थ साउंडरचा (खोली मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा आणि नकाशा अधिक भरती हा हिशेब जुळतो का पाहा. अर्ध्या मीटरहून जास्त तफावत असेल तर आधी साउंडर पाण्याच्या पातळीपासून मोजतोय की बोटीच्या तळापासून, ते तपासा.

फोन उन्हात ठेवू नका. ॲपलची हद्द ३५ अंश हवेची आहे आणि ऑक्टोबरात डेकवर ती सहज ओलांडली जाते. मग काळ्या पडद्यावर तापमानाची सूचना तेवढी उरते. सावलीत, वारा लागेल असा टांगा, १०,००० एमएएचची पॉवर बँक कोरड्या पिशवीत ठेवा आणि दुसऱ्या फोनवर तोच नकाशा उतरवून ठेवा. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचा मुंबईच्या पाण्याचा कागदी नकाशा बोटीवर असू द्या. आणि एक लॅमिनेट केलेलं कार्ड: परतीच्या मार्गाच्या दिशा व अंतरं, त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा मार्करने लिहिलेल्या, खाली मदत मागायचा व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा फोन क्रमांक १५५४.