टेलिकन्व्हर्टर लावला आणि फोकस भरकटला

भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी टिपत होतो. १००-४०० मिमी झूम लेन्सला १.४ पट टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारं, दूरचं मोठं दाखवणारं जोडभिंग) लावला. ४०० चे ५६० मिमी झाले खरे, पण फोकस नुसता पुढेमागे फिरत राहिला. एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो; लेन्सचं सर्वात मोठं छिद्र एफ/५.६ चं एफ/८ होतं (आकडा मोठा, प्रकाश कमी). आणि माझ्या जुन्या डीएसएलआरमध्ये एफ/८ ला फक्त मधल्या फोकस पॉइंटचा भरवसा. मी कडेचा निवडला होता.

मधला घेतला, लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) लांबच्या अंतरावर ठेवला, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवून शटर १/१६०० सेकंदावर नेलं. पिसं सुटी सुटी दिसू लागली, फार आनंद झाला! २ पट कन्व्हर्टर मात्र या झूमला नको. एफ/११ ला हा कॅमेरा फोकस धरत नाही. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते आणि चित्रं मऊ, म्हणजे धूसर येतात; तो दोष कन्व्हर्टरचा नाही.